‘आमच्याकडं मत ठरलेलंच असतं’ म्हणजे नेमकं काय ठरलेलं असतं?

अंबाजोगाई तालुक्यातल्या एका तरुण मतदाराने विचारलं आहे: "आमच्या गावात कोणत्या गल्लीचं मत कुणाला, हे मतदानाच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असतं. मग मी उमेदवार, काम, जाहीरनामा बघून उपयोग काय? शेवटी मत जातच देते ना? आणि मी घरच्यांपेक्षा, समाजापेक्षा वेगळं बटण दाबलं तर ती गद्दारी होते का?"

यातला दुसरा, गद्दारीचा प्रश्न जास्त मोलाचा आहे. पण पहिल्याचा निकाल लावल्याशिवाय तिकडं जाता येत नाही. मी राज्यशास्त्र शिकवते आणि निवडणुका झाल्या की बीड, लातूर, परभणी, नांदेड या पट्ट्यात मतदारांच्या मुलाखती घेणाऱ्या पथकांबरोबर फिरते. त्या अनुभवावर हे लिहिते आहे.

मत जातच देत असती, तर मराठवाड्यात निकाल फिरायलाच नको होते. २०२४ च्या लोकसभेला इथल्या आठपैकी सात जागा महायुतीने गमावल्या, हाती राहिली ती एकटी औरंगाबादची. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेच्या ४६ पैकी चाळीसच्या घरात जागा त्याच महायुतीने जिंकल्या. मधल्या सहा महिन्यांत कुणाची जात बदलली नव्हती. राज्यातलं मतदान सुमारे ६१ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं, म्हणजे काही नवे लोक केंद्रावर आले हे खरं. पण तेवढ्याने एवढी उलथापालथ होत नाही. तीच माणसं वेगळा विचार करून आली.

नांदेडचं उदाहरण तर मी वर्गात नेहमी देते. खासदार वसंतराव चव्हाण यांचं निधन झालं आणि २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेबरोबरच लोकसभेची पोटनिवडणूक लागली. एकाच केंद्रात दोन यंत्रं. लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले आणि त्याच लोकसभा मतदारसंघातल्या सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीने घेतल्या. हजारो मतदारांनी चार पावलांच्या अंतरात दोन वेगळे निर्णय घेतले. एका यंत्रापुढं उभी असलेली जात दुसऱ्या यंत्रापुढं जाईपर्यंत विसरली गेली, असं तर कुणी म्हणणार नाही. याच नांदेडात फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले होते. नेता गेला म्हणजे त्याच्यामागचा समाजही गेला, असा हिशेब अनेकांनी मांडला. काही महिन्यांत तिथून काँग्रेसचाच खासदार झाला. पुढं नोव्हेंबरात भोकरने अशोक चव्हाणांच्या कन्येला भाजपच्या चिन्हावर आमदार केलं. यातलं कुठलंही एक टोक धरून ‘अमका समाज अमक्याचा’ असं म्हणून बघा, दुसरं टोक सुटतं.

तुमच्या बीडचा जुना इतिहास तर हल्ली कुणी सांगतच नाही. १९६७ मध्ये या मतदारसंघाने क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाकडून लोकसभेत पाठवलं. ते साताऱ्याकडचे, इथं त्यांची ना भावकी ना सोयरीक. १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. केशरकाकू क्षीरसागर १९८०, १९८४ आणि १९९१ अशा तीनदा खासदार झाल्या. त्या तेली समाजाच्या, आणि या जिल्ह्यात तेलींची संख्या किती थोडी आहे हे तुम्ही जाणताच. २०२४ मध्ये याच बीडमध्ये मराठा विरुद्ध ओबीसी असा प्रचार उघडपणे झाला आणि निकाल ६,५५३ मतांनी लागला. म्हणजे जिल्हा जातीवर मत देण्यासाठी जन्माला आलेला नाही. ठरावीक काळात, ठरावीक कारणांनी तो तसा ताणला जातो.

आता याची दुसरी बाजू, कारण गट काहीच करत नाही असं म्हणणंही खोटं ठरेल.

गटाचं पहिलं काम तिकीटवाटपातच उरकलेलं असतं. पक्ष जातीची बेरीज मांडून उमेदवार देतात, त्यामुळे तुमच्यापुढं कोण यायचं हे तुम्ही ठरवत नाही. पण म्हणूनच एक गंमतीची नव्हे, महत्त्वाची गोष्ट घडते: पुष्कळदा दोन्ही प्रमुख उमेदवार एकाच समाजाचे निघतात. २०१९ ला परळीत धनंजय मुंडे आणि पंकजा मुंडे समोरासमोर होते. समाज एक आणि घरही एकच. तिथल्या वंजारी मतदाराला जातीने काय सांगितलं असेल? काहीच नाही. त्याला काम, वागणूक, कारखाना, कार्यकर्त्यांचं जाळं, कोण भेटतं आणि कोण भेटत नाही, यावरूनच ठरवावं लागलं, आणि त्याने तीस हजारांच्या फरकाने ठरवलं. तुमच्या तालुक्याचा काही भाग परळीत येतो, काही केजमध्ये. केज अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. उदगीर, देगलूर, उमरगा, बदनापूर, औरंगाबाद पश्चिम हेही तसेच. तिथले बहुसंख्य मतदार उमेदवाराच्या जातीचे नसतातच. मग तिथं चर्चा सुरू होते ‘हा कुणाचा माणूस?’ अशी. जात उमेदवाराच्या अंगावरून उठून त्याच्या पाठीराख्याकडं जाते, आणि माझ्या मते राखीव मतदारसंघातल्या आमदाराचं स्वतंत्र वजन तयार होऊ न देणारी ही सगळ्यात वाईट सवय आहे.

कधी मतदार पुढं आलेली यादीच नाकारतो. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये युतीत जागा शिवसेनेला सुटली आणि ‘नोटा’ला २७ हजारांवर मतं पडून तो दुसऱ्या क्रमांकावर आला. ते मत कोणत्या जातीचं होतं?

गटाचं दुसरं काम जास्त खोल आहे. ते समजायला रब्बीच्या दिवसांत गावात असावं लागतं. हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं आणि डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, जळते. नियमाने ती ठरल्या मुदतीत बदलून मिळायला हवी. प्रत्यक्षात गाव अर्ज करत बसत नाही, गावातल्या त्या एका माणसाकडं जातं ज्याचा फोन आमदाराचा पीए उचलतो. पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घ्यायला लावणं, सरकारी दवाखान्यात खाट मिळणं, पीकविम्याचा अडकलेला दावा, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादमाशी उचलीवरून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांवरून, झालेला वाद, सगळं त्याच फोनवर. अशा व्यवस्थेत ‘आपला माणूस’ निवडून आणणं हा अडाणीपणा नाही. अडचणीच्या वेळी फोन कोण उचलेल याचा तो अंदाज आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावर बांधलेला. शहरात बसून ‘खेड्यातले लोक जातीवर मत देतात’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो यामुळे. त्यांचं वीजबिल आणि दाखले मोबाइलवर निघतात. त्यांना आपल्या माणसाची गरज रोज पडत नाही.

म्हणून सरकारी काम जिथं मध्यस्थाशिवाय होतं, तिथं गटाची पकड सैल होते, असं मला दिसलं आहे. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये थेट खात्यावर येऊ लागले. एकट्या त्या योजनेने निकाल फिरला, असं मी म्हणणार नाही. सोयाबीनचा भाव हमीभावाच्या (क्विंटलला ४,८९२ रुपये) खाली होता, आरक्षणाचा ताण होता, उमेदवार बदललेले होते. पण त्या मुलाखतींत बायका ‘आमच्यात’ऐवजी ‘माझ्या खात्यावर’ असं बोलत होत्या. ते चांगलं की वाईट यावर वाद घाला. पण मत देणारी बाई तिथं स्वतःचा हिशेब करत होती एवढं नक्की.

सगळ्या गटांचं एकत्र मत एकाच कारणाने पडत नाही, हेही इथंच सांगायला हवं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड भागातल्या मुसलमानांनी जे भोगलं, त्याची नोंद सुंदरलाल समितीने केली आहे. ज्या वस्तीच्या आठवणीत हे आहे, ती एकत्र मत देते तेव्हा तिला सत्तेत वाटा मिळवण्याआधी रात्री निवांत झोपायचं असतं. ज्या समाजाकडं कारखाना, बँक, सरपंचपद आधीच आहे, त्याचं एकगठ्ठा मत आणि हे एकगठ्ठा मत दिसायला सारखं असलं तरी एका तराजूत तोलू नका. आणि तिथंही माणसं सारखी नसतात. २०१९ ला नांदेड लोकसभेत वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला दीड लाखांवर मतं पडली आणि काँग्रेस सुमारे ४० हजारांनी हरली. एकाच वस्तीत, एकाच निळ्या झेंड्याखाली, ‘आधी भाजपला रोखू’ म्हणणारे आणि ‘आधी आपलं घर उभं करू’ म्हणणारे दोघेही होते. दोघांचीही बाजू विचारांची होती.

मुळात गट तरी कुठं पक्का असतो? धनगर, वंजारी, बंजारा, माळी या सगळ्यांना आज प्रचारात सरसकट ‘ओबीसी’ म्हणतात. राज्याच्या आरक्षणात धनगर भटक्या जमाती (क) मध्ये, वंजारी (ड) मध्ये, बंजारा विमुक्त जाती (अ) मध्ये, आणि माळी इतर मागासवर्गात. चार वेगळे कोटे आणि चार वेगळी राहणी. त्यांना एका छत्रीखाली आणलं ते राजकारणाने, आधी ‘माधव’ (माळी, धनगर, वंजारी) या समीकरणाने, मग २०२३ नंतरच्या तणावाने. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटमधल्या जुन्या नोंदी मानणारा शासन निर्णय निघाला. मराठा आणि कुणबी यांच्यातली रेघ एका पिढीच्या डोळ्यांदेखत हलते आहे. तेव्हा तुम्ही केंद्रावर जाता ते एक ओळख घेऊन जात नाही. तुम्ही कुठल्या तरी समाजाचे असता, सोयाबीनवाले असता, पोलीस भरतीची तयारी करणारे असता, कुणाचे तरी जावई असता, वारकरी असता. प्रचाराचं खरं काम त्यातली एकच ओळख मोठी करून दाखवणं हे असतं. त्या दिवशी कोणती ओळख पुढं ठेवायची, हे ठरवणं मात्र तुमच्याकडंच राहतं.

आता ‘गल्लीचं मत ठाऊक असतं’ या दाव्याकडं येऊ. समजा गावात १,००० मतं पडली. ६०० एका समाजाची, ४०० बाकीच्यांची. एका उमेदवाराला ६०० मतं मिळाली. पारावर लगेच निष्कर्ष निघतो: समाज झाडून पाठीशी. पण त्या समाजातल्या ४०० जणांनी आणि इतरांतल्या २०० जणांनी मत दिलं असतं, तरी आकडा ६०० च आला असता. यातलं कोणतं खरं, ते केंद्राचा आकडा सांगू शकत नाही. टीव्हीवरचे पुष्कळसे ‘समाजाने अमुक केलं’ हे दावे याच बेरजेवर उभे असतात.

घरातलं मतसुद्धा असंच. एका गावात ओसरीवर सासऱ्यांची मुलाखत चालली होती. ते म्हणाले, "लिहा मॅडम, आमच्या घरातली पाचही मतं एकाच चिन्हाला." आमच्या पद्धतीत मतदाराला मतपत्रिकेची नक्कल देतात. तो कुणाला न दाखवता खूण करतो, घडी घालतो आणि पेटीत टाकतो. मुलाखतीसाठी निवडलेल्यांच्या यादीत नाव सुनेचं निघालं होतं. मी म्हणाले, "मामा, मला वहिनींना विचारावं लागेल." त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी अडवलं नाही. ती आत चुलीपाशी होती. तिने कागद पाठीमागं वळून घेतला, खूण केली, चार घड्या घातल्या, पेटीत टाकला. मग पेटी माझ्या हातातून घेतली आणि दोन्ही हातांनी जोरजोरात हलवली, आपला कागद बाकीच्यांत मिसळेपर्यंत. "आता कळायचं नाही ना?" एवढंच तिने विचारलं.

तिला जे हवं होतं, ते खऱ्या मोजणीत आज नसतं. मतपत्रिकांच्या काळात निवडणूक संचालन नियमांतल्या ५९अ प्रमाणे अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळायची सोय होती. यंत्र आल्यापासून प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा निघतो आणि फॉर्म २० मध्ये प्रसिद्धही होतो. केंद्र साधारण हजारभर मतदारांचं. छोट्या वाडीला, तांड्याला स्वतंत्र केंद्र असेल तर ते अजून लहान. निकालाच्या रात्री हे तक्ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि ‘त्या वस्तीतून चाळीस मतं फुटली’ अशी चर्चा सुरू होते. कुणी दिली ते कळत नाही, पण संशय मात्र ठरावीक घरांवर जातो. आणि तो नेहमी दुबळ्या घरांवर जातो: गावात दोनच उंबरे असलेलं नाभिकाचं किंवा परटाचं घर, सालगडी, पारधी वस्ती. या लोकांच्या जातीचा उमेदवार कधी उभाच राहत नाही, म्हणजे ते प्रत्येक वेळी निखळ निवडच करत असतात. निवड उघडी पडण्याची भीतीही सगळ्यात जास्त त्यांनाच.

याला उपाय आहे. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारं टोटलायझर नावाचं उपकरण निवडणूक आयोगाने २००८ मध्येच सुचवलं. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. ते अजून आलेलं नाही, कारण कोणत्या गावाने मत दिलं आणि कोणत्या गावाने नाही, हा तक्ता पक्षांना हवा असतो. पुढच्या वेळी उमेदवार गावात आला तर रस्त्याबरोबर त्याला हेही विचारा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नाही, ती गद्दारी नाही.

‘समाजाने ठरवलं’ असं कुणी म्हणालं तर विचारा, बैठकीला कोण कोण होतं? बहुतेक वेळा पाच-पंचवीस पुरुष असतात, त्यातले निम्मे एकमेकांचे पाहुणे. बायका नसतात, तुमच्या वयाची पोरं मागं उभी असतात, मजुरीला गेलेले नसतात. बैठकीतल्या त्या पुरुषांना आपलं मत मांडायचा पूर्ण अधिकार आहे, तुमचं मत मांडायचा नाही. उलट, सगळं तोलून तुम्ही समाजाबरोबरच मत दिलंत तर तीही तुमचीच निवड, त्यात कमीपणा काही नाही. वेगळं मत दिलं म्हणजेच स्वतंत्र, हा गैरसमज शिकलेल्या पोरांत फार आहे.

मनात ओढाताण होणार, हे धरून चाला. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझर्सफेल्ड यांच्या चमूने अमेरिकेत ओहायोमधल्या ईरी काउंटीत त्याच मतदारांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा भेटून नोंदी घेतल्या. ज्यांना घर एकीकडं आणि मित्र किंवा धंदा दुसरीकडं ओढत होता, ते उशिरा ठरवत आणि कित्येकदा राजकारणातून अंगच काढून घेत. आपल्याकडं ‘जाऊ द्या, मतच देत नाही’ म्हणणारी बरीच पोरं मला याच ओढाताणीत सापडलेली दिसतात. तुम्ही तसं करू नका. न दिलेल्या मताचा हिशेब कुणीच करत नाही.

कायदाही तुमच्या बाजूने स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९४ प्रमाणे तुम्ही कुणाला मत दिलं हे सांगायला तुम्हाला कुणीही भाग पाडू शकत नाही. वाळीत टाकण्याची, जातीबाहेर काढण्याची धमकी देऊन मतदाराला दाबणं हे कलम १२३(२) मध्ये नाव घेऊन भ्रष्ट आचरण ठरवलं आहे. जात-धर्माच्या नावाने मत मागणं १२३(३) मध्ये येतं आणि २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, चार विरुद्ध तीन अशा मताने, त्यात मतदाराची जात-धर्मही धरली. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अमक्यालाच मत दे म्हणून दाबलं तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(१)(ठ), इंग्रजी प्रतीतलं ‘एल’, लागतं. वाळीत टाकलंच तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे सगळं गावात वापरणं अवघड असतं, मला माहीत आहे. म्हणून आधीपासून करायच्या साध्या गोष्टी सांगते. मतदानाच्या आठवडाभर आधी गावच्या ग्रुपवर कुणाशी वाद घालू नका. ‘कुणाला?’ असं विचारलं तर ‘दिलं मामा’ एवढंच म्हणा, खोटं नाव सांगायची गरज नाही. केंद्रात मोबाइल नेऊन बटणाचा फोटो काढून आण, असं कुणी सांगितलं तर ते बेकायदा आहे, आणि तोच तुमचा सुटकेचा मार्गही आहे: आत फोन नेऊ देत नाहीत, म्हणून सांगा. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि आतच पडते, ती बाहेर कुणाच्या हाती येत नाही, हे आईला आणि आजीला आधी समजावून सांगा. ‘कॅमेऱ्यात दिसतं’ ही भीती गावात बायकांनाच जास्त घातली जाते. धमकी आली तर मेसेज पुसू नका. आचारसंहितेच्या काळात निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकला तर तक्रार १०० मिनिटांत निकाली काढायचं बंधन आहे, आणि नाव न देताही तक्रार करता येते. स्मार्टफोन नसेल त्यांनी १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करावा.